पुण्याचा रस्सा

कंपनीचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर आणखी एक नोटीस यायची, आणि आधीच्या नोटिसांनीच आमच्या ह्यांची झोप उडवलीय. मिसळीची कंपनी आहे, एवढं समजा. ऑफिस पुण्यात, रस्सा शिजतो पुण्यात, आणि तो खायला लावायचा आष्ट्याच्या माणसाला. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मला एकदा समोरासमोर भेटायचंय.

मी मनुबाई. एसटी स्टँडच्या भिंतीकडेला माझा कट-वड्याचा गाडा होता. हे पलटणीत, पोरगं अंगणवाडीत, सासूबाई खाटेवर, अशा दिवसांत मी तो सुरू केला आणि माझ्या हिमतीवर नावारूपाला आणला. कट-वड्यात काही मोठी विद्या नाही. गरम वडा फोडायचा आणि वरून तिखटजाळ कट ओतायचा. पण माणूस कट पुन्हा मागतो, आणि मागितला की तो द्यायचा असतो. मी गाड्यावर कधी कुणाला "आता पुरे" म्हटलं नाही. कंडक्टर लोक गाडी फलाटाला लावून आधी माझ्याकडे यायचे आणि मग कंट्रोलरकडे नोंद करायला जायचे.

जयराज, म्हणजे आमचे हे, हवालदार होऊन रिटायर झाले. सुट्टीवर यायचे तेव्हा ह्याच गाड्यावर दोस्तांना आणून बसवायचे आणि कौतुकानं माझ्याकडं बघायचे. कायमचे घरी आले आणि महिन्याभरात त्यांना तोच गाडा खुपायला लागला. तोंडानं कधी बोलले नाहीत. पण स्टँडवर आले की लांबच उभे राहायचे, बसची वाट बघत असल्यासारखे. सुट्टीवर आलेला नवरा आणि कायमचा आलेला नवरा ही दोन वेगळी माणसं असतात, हे कुठल्याही फौजीच्या बायकोला विचारा.

त्यात साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा झाला. तिथं कंपनीनं मंडप टाकला होता. तिथला सौमित्र नावाचा गोरागोमटा पोरगा ह्यांना बघून ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही देशासाठी तुमची उमेदीची वर्षं दिलीत. आता आम्हाला तुमच्यासाठी काहीतरी करू द्या." झालं. आमचे हवालदार तिथंच विरघळले. गारेगार दुकान, काचेचं दार, वर लाईटचा बोर्ड, आणि बोर्डाखाली मालक म्हणून स्वतः जयराज. घरी येऊन त्यांनी मला ते सगळं दोनदा सांगितलं.

आमच्या भागात मुलगी द्यायची म्हटलं की चौकशी कशी होते ते सांगते, म्हणजे आमचं काय चुकलं ते कळेल. पुरुष सोप्यात बसतात, पान खातात आणि म्हणतात, "घराणं चांगलं हाय." कुणाच्याही घराविषयी हेच म्हणतात. ठरत आलेली सोयरीक मोडणं हे आमच्याकडं पाप धरतात, त्यामुळं सोप्यात कुणी वाईट बोलत नाही. खरी बातमी मिळते ती आत, चुलीपुढं. बायका पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्तानं आत जातात आणि पोरगा पितो का, सासू कशी आहे, शेतावर बोजा आहे का, सगळं घेऊन बाहेर येतात. बाहेर आलेली बाई काही बोलत नाही, नुसतं पुरुषाकडं बघते. त्यावर लग्न ठरतं नाही तर मोडतं.

आणि ह्या दुकानासाठी आम्ही चौकशी केली ती कंपनीनंच दिलेल्या पत्त्यावर जाऊन. नवऱ्या मुलाच्या मामालाच विचारायचं, की बाबा मुलगा कसा आहे.

पत्ता साताऱ्यातला होता. दुकान मधुकर नावाच्या गृहस्थांचं. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले, शर्ट इन केलेले, बोलणं अगदी मोजकं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "माणसं सभ्य आहेत. सगळं शिस्तीत असतं." शिस्त म्हटल्यावर आमच्या ह्यांची छाती भरून आली. दोघं एका टेबलावर बसून चहा प्यायला लागले. मी हात धुवायला मागं गेले, तिथं त्यांची बायको विनोदिनी ताट-वाट्या पुसत उभी होती.

"तुमचं आधी काय होतं?" तिनं विचारलं.

"कट-वड्याचा गाडा हाय माझा. स्टँडवर."

"चालत नाही का तो?"

"आवं, लय चालतो की!"

"मग?" ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पुढं बोलणार होती, पण बाहेरून मधुकररावांनी "विनू" अशी हाक मारली आणि ती ओलं फडकं तिथंच टाकून गेली. मला वाटलं, गाडेवाली दुकानाची मालकीण होणार हे तिच्या डोळ्यांवर येतंय. शहरातली बाई, आपल्याला कमी लेखते. परतीच्या एसटीत मी ह्यांना तसं म्हटलंसुद्धा. आज त्या बाईचा मला राग येतो तो वेगळ्याच कारणानं. अर्धं कशाला बोललीस, बाई? बोलायचं तर पुरतं बोलायचं होतंस.

करार इंग्रजीत होता. कंपनीकडं अनामत भरून ह्यांनी पान उलटत सह्या केल्या. मी म्हटलं, कुणाकडनं वाचून तरी घ्या. तर म्हणाले, "फौजंत कागद वाचून सही करत न्हाईत, मनू. वरच्यानं दिला म्हंजे बरोबरच आसतो." वरचा कोण, तर सौमित्र. आमच्या पोरापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल.

त्या कागदांत काय होतं ते आम्हाला हळूहळू, एकेक ठेच लागत कळलं. सगळा माल कंपनीकडूनच घ्यायचा, तेलापासून टिश्यू पेपरपर्यंत. बाजारात स्वस्त आणि ताजं मिळत असलं तरी. कंपनीला आमच्या विक्रीतलंही मिळतं आणि आम्हाला विकलेल्या मालातलंही मिळतं, म्हणजे दुकान चाललं तरी तिचं भलं आणि नाही चाललं तरी भलं. सात वर्षं मधनं सोडता येत नाही. कंपनीविषयी वाईट बोलायचं नाही. आणि माझ्या काळजात घुसलेलं कलम असं, की ही सात वर्षं आणि त्यापुढं दोन वर्षं घरातल्या कुणीही खाण्याचा दुसरा धंदा करायचा नाही. कुणीही म्हणजे मी. आमच्या घरात खाण्याचा धंदा करणारं दुसरं आहे कोण?

गाडा अंगणात आणून ताडपत्रीखाली ठेवला. खंडेनवमीला मी त्याला हळदीकुंकू वाहायची. हे बघायचे आणि आत जायचे.

दुकान स्टँडच्या समोरच निघालं. उद्घाटनाच्या दिवशी गर्दी झाली, सौमित्रनं फोटो काढले आणि पुण्याला गेला. मग रस्सा यायला लागला. गोठवलेली पाकिटं. कात्रीनं फोडायची, गरम करायची, मापाच्या पळीनं वाढायची. मीठ कमी असलं तरी घालायचं नाही, कारण चव सगळीकडं एकसारखी पाहिजे. रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर त्याचं बिल लावायचं. आष्ट्यात! माझा जुना गिऱ्हाईक नानासो, ऊस तोडून आलेला, घामानं भिजलेला, दोन घास खाऊन मला म्हणाला, "वयनी, ह्यो रस्सा कुणी आजारी माणसासाठी केलाय का?" आणि वाटी पुढं केली. मी खाली मान घालून सांगितलं, जादा रस्स्याचं बिल होतं. तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

एकदा मी घरची कांदा-लसणाची चटणी एका डब्यात आणून काउंटरखाली ठेवली. मागेल त्याला चिमूटभर द्यायची. दोन दिवस वाट्या पुसून खाल्ल्या लोकांनी. तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. कॅमेऱ्यात डबा दिसला होता. ती पहिली नोटीस. ह्यांनी ती घडी घालून मेडलांच्या पेटीत ठेवली, कारण महत्त्वाचे कागद ते तिथंच ठेवतात.

ह्यांच्यात हळूहळू एक बदल झाला. सकाळी दाढी करायचे, कंपनीचा टी-शर्ट घालून दारात उभे राहायचे, समोर स्टँडवर उतरणाऱ्या माणसांकडं बघायचे. कुणी रस्ता ओलांडून आलं तर दार स्वतः उघडायचे. बहुतेक वेळा आलेला माणूस विचारायचा, "हितं स्वच्छतागृह हाय का?" मला ह्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी असं वाटायचं, की कुणीतरी येऊन ह्या माणसाला सांगावं, तुमची चूक नाही.

तिसऱ्या वर्षी सौमित्र स्वतः आला. खुर्चीत बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला जड जातंय हे मला कळतं. एक मार्ग आहे. दुसरं कुणी हे दुकान चालवायला घेत असेल, तर कंपनी तुम्हाला मोकळं करेल. एक जोडपं बघायला येतंय. तुम्ही फक्त चांगलं बोला. बाकी आम्ही बघतो."

मी विचारलं, "आनि माझा गाडा?"

तो हसला. "मॅम, दुकान त्यांनी घेतलं तर गाड्याचं कलम आपण सोडून देऊ. दुसऱ्या दिवशी लावा."

त्या रात्री मी अंगणात जाऊन ताडपत्री बाजूला केली. चाकाला गंज चढला होता. कढईची जागा हातानं पुसली. मला रडू आलं, आनंदाचं. इतकं काही हातातून गेल्यावर ते परत मिळणार म्हटलं की माणूस कसा पोरासारखा होतो.

जोडपं आलं ते कुपवाडहून, मोटारसायकलवर. शिवतेज आणि समीक्षा. मूळची कवठे महांकाळची. तो कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला होता. ती शिकलेली, डोळे तीक्ष्ण, बोलायची कमी. सौमित्र आणि हे शिवतेजला घेऊन काचेजवळच्या टेबलावर बसले. मी आतून ऐकत होते. आमचे हे म्हणत होते, "चांगलं हाय. मानसं सभ्य हायत. शिस्त हाय." अगदी तेच शब्द, साताऱ्याचे. मला वाटलं, साताऱ्याला मधुकररावांनाही कुणीतरी असंच कबूल केलं असणार. आपल्या गळ्यातलं काढायचं तर ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं, आणि तेही सभ्यपणानं.

समीक्षा आत आली. "मावशी, पाणी मिळंल का?"

मी पाणी दिलं. ती पाणी पिऊन गेली नाही, तिथंच टेकली. फ्रीजरमधली पाकिटं बघितली. मग म्हणाली, "ह्येंनी उद्या राजीनामा द्यायचं ठरवलंय. वर्कशॉपचा मालक म्हनतोय, एकदा सोडलंस की परत घ्यायचो न्हाई. मावशी, तुमी आदी काय करत हुता?"

मला खरं सांगायचं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. माझा गाडा माझ्या डोळ्यांपुढं उभा होता, चाकाला तेल घातलेला. मी म्हणणार होते, चांगलं आहे गं. तोंड उघडलं आणि मला विनोदिनीबाईचं ते ओलं फडकं आठवलं. अर्धं बोलून गेलेली बाई. मी तिच्यासारखी व्हायची नव्हते, आणि त्याहून खरं म्हणजे त्या पोरीचा चेहरा बघून मला खोटं बोलवेना.

"घेऊ नगंस," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. माल, बिल, सात वर्षं, पुढची दोन वर्षं, पाकिटं, डबा, कॅमेरा. "करार कुनाकडनं तरी वाचून घे. आनि चौकशी कंपनीच्या पत्त्यावर करू नगंस. ज्यानं दुकान बंद केलंय त्येला हुडकून काढ, त्यो सांगंल." तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग तिनं विचारलं, "आनि तुमचा गाडा कसा चालायचा?"

तीन वर्षांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मी बोलतच सुटले. सुकं खोबरं किती भाजायचं, कांदा कसा करपू द्यायचा नाही, कटात पाणी घालायचं ते उकळतंच, गार घातलं की कट मेला. कॉलेज कधी सुटतं, कारखान्याची पाळी कधी, बाजाराच्या दिवशी वडे कितपत जादा लागतात. भिंतीकडेच्या त्या जागेवर दुपारी सावली असते म्हणून माणूस उभा राहतो. नगरपरिषदेची पावती कोण फाडतं. बोलताना माझे हात हलत होते. समीक्षा ऐकत होती, लेक ऐकते तशी.

ती बाहेर गेली. काही बोलली नाही, नवऱ्याकडं नुसतं बघितलं. शिवतेज उठला आणि म्हणाला, "आमी कळवतो."

सौमित्रनं माझ्याकडं बघितलं. सगळं कळलं त्याला. दुसरी नोटीस आठवड्यात आली. कंपनीची बदनामी. गाड्याचं कलम सोडायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही, आणि दुसरं जोडपंही कंपनीनं पाठवलं नाही.

ह्यांनी मला रागावून विचारलं नाही. जेवताना म्हणाले, "सांगितलंस?"

"सांगितलं."

ह्यांनी हातातली भाकरी पानात ठेवली. मग म्हणाले, "बरं केलंस. मी भायेर बसून त्या पोराला चांगलं चांगलं म्हनत हुतो. त्येच्या तोंडाकडं बघवत न्हवतं मला." आणि पान सारून उठले.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी शटर वर केलं तर समोर, स्टँडच्या भिंतीकडेला, एक नवाकोरा गाडा उभा. निळा रंग. कढई चढलेली. मागं समीक्षा, पदर खोचून. शिवतेजनं वर्कशॉपमध्येच सुट्टीच्या दिवशी गाडा जोडला होता आणि नोकरी सोडली नव्हती. मला बघून ती रस्ता ओलांडून धावत आली, हातात प्लेट घेऊन.

"मावशी, तुमी सांगितलं तसंच केलं बघा. कंपनी नगं न् काय नगं. पैली प्लेट तुमची."

ती माझ्या पाया पडली. मी काय करणार होते? तिनं चोरलं नव्हतं. मी घेऊ नकोस म्हटलं, तिनं घेतलं नाही. जागा रिकामी होती, मीच दाखवली होती. मी वडा तोंडात घातला आणि मनापासून चूक शोधली. मीठ बघितलं, तिखट बघितलं, खोबऱ्याचा भाजलेपणा बघितला. चूक नव्हती. माझाच कट होता तो, माझ्या हातचा, फक्त माझ्या हातानं केलेला नव्हता.

"काय कमी हाय का?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "दुपारचं वडं आदी तळून ठिवू नगंस."

नानासो तिच्याकडं जायला लागला. कंडक्टर जायला लागले. आणि लोकांची जीभ कुणी धरायची? जागा तीच, चव तीच, म्हणून लोक त्या गाड्याला मनुबाईचा गाडा म्हणायला लागले. समीक्षानं सुरुवातीला सांगून बघितलं, मग सोडून दिलं. एकदा मला विचारायला आली, "लोक तुमचंच नाव घेत्यात, मावशी. चालंल न्हवं?" मी म्हटलं, चालंल.

पण कंपनीला चाललं नाही. कुणीतरी मोबाईलवर त्या गाड्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, मनुबाईचा कट-वडा पुन्हा सुरू. तिसरी नोटीस आली. घरातल्या व्यक्तीनं करार मोडून धंदा सुरू केला आहे, सबब अनामत जप्त का करू नये. सौमित्र धावत आला. ह्यांनी ह्या वेळी कागद वाचला, बोट ठेवून, शब्द न् शब्द, आणि म्हणाले, "गाडा आमचा न्हाई. माझ्या बायकूचा गाडा अंगनात सडतोय, जाऊन बघा." सौमित्रनं जाऊन बघितला, फोटो काढला आणि म्हणाला, "मग असं करा, मॅम. तुमच्या हातानं लिहून द्या. एक प्रत कंपनीला, एक दारावर लावा, म्हणजे लोकांचा गैरसमज नको."

मी लिहिलं. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. समोर उभ्या असलेल्या कट-वड्याच्या गाड्याशी माझा कोणताही संबंध नाही, पूर्वी नव्हता आणि पुढे असणार नाही. "पूर्वी नव्हता" ह्याच्यावर माझा हात थांबला. मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, मॅम, कायद्याची भाषा असते, एवढं मनावर घेऊ नका. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ओळ पूर्ण केली आणि खाली सही केली, मनुबाई जयराज, पुढं आडनावासकट.

तो कागद आता काचेच्या दारावर आहे. लोक रस्ता ओलांडून येतात, थांबून वाचतात, वळून समोर बघतात आणि खायला तिकडं जातात.